लदेणीची वाट

बसा, कंदील जरा अलीकडे घ्या. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पलटणीत हवालदार होतो मी. रंगरूट घडवण्यात उमर गेली, आणि त्या पोरांना भूत म्हणजे मीच वाटायचो! पण पांढरकवड्याच्या कॅम्पातली एक संध्याकाळ आठवली की अजून अंगावर काटा येतो, आणि पाठोपाठ हायसंही वाटतं.

चीनची लढाई नुकतीच थांबली होती. भरती जोरात चालली होती, जागा पुरेना. म्हणून जंगलाच्या कडेला, एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या आवारात आमचा तात्पुरता कॅम्प पडला. कापसाचं जुनं गोदाम हीच पोरांची बराक. समोर मैदान, फाटकाला एक आडवा बांबू, आणि पलीकडे नुसता साग.

माझ्या तुकडीत नेमसिंग होता, जवळच्याच तांड्यावरचा बंजारा पोरगा. त्या तांड्यातून फौजेत निघालेला तो पहिलाच. लोकांनी वाजतगाजत आणून पोचवला होता. पोरगा काटक, पण शिस्त काही गळी उतरेना. चुकांवर चुका. शेवटी मी बजावलं, "आता आणखी चुकला, त साहेब तुले घरी धाडतीन."

त्यानं हात जोडले. "उस्ताद, तांड्यात कोणत्या तोंडानं जाऊ? मारा मले पाहिजे तेवढं, पण घरी नोका धाडू."

त्या दिवशी दिवेलागणीला फाटकावर त्याचा पहारा होता. कोणी येताना दिसलं की संतरीनं "थम! हुकुमदार!" असं ओरडायचं, आणि ओळख पटल्याशिवाय बांबू उचलायचा नाही, मग समोर सख्खा बाप का असेना. तुकडी बराकीत रायफली पुसत बसली होती. मी मैदानाच्या टोकाला विडी ओढत उभा होतो. वारा साफ पडला होता.

आधी वास आला. घामेजल्या बैलांचा, ओला, उबट. मग घुंगरमाळा वाजल्या. एकदोन नाही, कितीतरी. आवाज फाटकातून आत आला, सावकाश, लांबचा पल्ला चालून आलेल्या जनावरांच्या चालीनं. माझ्या अगदी शेजारून गोदामाकडे गेला. एक उष्ण उसासा माझ्या मनगटाला लागला... आणि मैदानात कोणीच नव्हतं.

मी धावत फाटक गाठलं. बांबू वर केलेला. नेमसिंग रायफल टेकवून, मान लववून उभा.

"कोण आलतं?"

"कोण्या तांड्याचा म्हातारा नायक होता, उस्ताद... बैल घेऊन. म्हणे, हे आमची लदेणीची वाट हाय, बांबू काढ."

"अन् तू काढला? हुकुमदार काहून नाई म्हटलं?"

"आमच्यात नायकाले कोणी अडवत नाई, उस्ताद... तोंडातून रामरामच निंगालं."

लदेणी म्हणजे या लोकांच्या वाडवडिलांचा धंदा. बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूखभर न्यायचं. आगगाडी आली आणि ते कधीच बंद पडलं. माझं डोकं फिरलं. भीती होतीच, ती रागात गेली. फौजेत एकाची चूक सगळ्यांना भोवते. मी शिट्टी फुंकली.

"सारे बाहेर! रायफल डोक्यावर! चकरा मारा!"

पोरं नेमसिंगचा उद्धार करत धावत सुटली. शेवटचा गडी दारातून जेमतेम बाहेर पडला असेल. गोदामाची भिंत कोणीतरी बाहेरून खांदा लावल्यासारखी हलली... थांबली... आणि छपरासकट खाटांवर कोसळली.

धुळीत कोणी कोणाला दिसेना. मी हजेरी घ्यायला लागलो. एकेक "हजर" कानावर येत गेलं तसतसा जीव भांड्यात पडत गेला. एकालाही ओरखडा नव्हता. मी पोरांसमोर ढसाढसा रडलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

कॅप्टनसाहेब धावत आले. शिक्षा कशाबद्दल, ते सांगावंच लागलं. नेमसिंग हात जोडून उभा होता. साहेबांनी ढिगाऱ्याकडे वळून पाहिलं.

"ये हुकुमदार बोलता, तो सब अंदर होते," ते हळूच म्हणाले. "रहने दो इसको, उस्ताद. सिखाओ."

नेमसिंगनं साहेबांना सॅल्यूट ठोकला. ज्यांनी त्याचा उद्धार केला होता, त्याच पोरांनी त्याला खांद्यावर घेतला. त्यानंतर आम्ही तंबूत राहिलो, आणि फाटकापासून गोदामापर्यंत घुंगरमाळा गेल्या त्या सरळ रेषेत एकही तंबू ठोकला नाही.

पुढे तो बंदा असा तयार झाला की बघत राहावं. कसम परेडीला त्याचा बाप प्रेमसिंग सगळा तांडा घेऊन आला होता. मग तुकडीला सरहद्दीवर जायचा हुकूम आला. ट्रक सुटायच्या वेळी नेमसिंगनं वाकून माझे पाय धरले आणि कानाशी आला.

"उस्ताद, एक गोठ साहेबाले नाई सांगतली. बैलाईच्या पाठीवर गोण्या नव्हत्या. मी नायकाले पुसलं, रिकामे काहून चालले?"

"मग?"

"हासला तो. म्हणे, आता रिकामेच जातो... वापसीले याच वाटेनं येऊ, तवा भरून नेऊ."

ट्रक हलला. पोरं गाणी म्हणत होती, मी हात हलवत होतो. काय भरून नेणार, की कोणाला, हे विचारायचं राहूनच गेलं.