खांद्यावरचा हात

ज्याला ऐकू येत नाही, त्याला संकटाची सूचना कशी द्याल?

हात लावून. बरोबर. इतके साधे उत्तर आहे, आणि एका माणसाला तेवढेच करायचे होते. तो शाळेत माझ्याच हाताखाली शिकला. तेव्हा ही ऐकीव गोष्ट समजू नका. दार तेवढे लोटून घ्या.

मार्च महिन्यातला शेवटचा शनिवार. रात्रीचे पावणेबारा. खाणीच्या फोरमनने त्याला झोपेतून उठवले.

"झऱ्यावरचा पंप बंद पडलाय. साहेबांच्या बंगल्यात थेंब नाही पाण्याचा. जा, बघून ये."

"आत्ता? सकाळी जातो की."

"का रे, भुतं खातील तुला? हल्ली दिवसासुद्धा तिकडे फिरकत नाहीस म्हणे."

त्याने बॅटरी घेतली आणि निघाला.

झऱ्याकडे तो का फिरकत नव्हता, ते आधी सांगतो.

आमची वस्ती तुम्ही पाहिलेली नाही. पन्नासेक पत्र्याची घरे, मागे दाट जंगल, पुढे लोखंडाच्या दगडाचा डोंगर. डोंगरातला माल ट्रकमागून ट्रक बंदराकडे जाई आणि वस्तीला उरे ती तांबडी धूळ. उशीवर धूळ, मिठात धूळ, म्हाताऱ्यांच्या पांढऱ्या केसांत धूळ. नवखा पाहुणा विचारी, "तुमच्याकडे सगळ्यांनीच केस रंगवलेत का हो?" परमेश्वराने पायाखाली एवढे वैभव ठेवले होते, तरी बायकांना पिण्याचे पाणी डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्यावरून डोक्यावर आणावे लागे. पंपाचे पाणी बंगल्यासाठी होते.

सुरुंग उडवण्याआधी भोंगा तीनदा वाजे. पहिल्या भोंग्याला आमचा हा गडी पायवाटेने झऱ्यापर्यंत उतरे, वाटेत कोणी असेल त्याला हटवी आणि खालून शिट्टी देई. ती ऐकल्यावरच तिसरा भोंगा, मग सुरुंग. सारे त्याला शिट्टीवाला म्हणत.

तुम्ही म्हणाल, भोंगा तर कोसभर ऐकू जातो. मग माणूस कशाला पाठवायचा? मावशीसाठी. सारी वस्तीच तिला मावशी म्हणे. ठार बहिरी. दुपारी गर्दी नसते, म्हणून भर उन्हात पाणी भरायला जाई. शिट्टीवाला मागून येऊन तिच्या खांद्यावर दोन हलक्या चापट्या मारी. ती वळून म्हणे, "आलास का रे मेल्या? एक हंडा धड भरू देत नाहीस!" आणि हसत चालू लागे. तो पोरका होता. लहानपणी तिनेच त्याला भरवले होते.

एका दुपारी त्याला खाली उतरायचा कंटाळा आला. वैर नव्हते, लोभ नव्हता. नुसता कंटाळा. तो अर्ध्या वाटेवरच्या झाडाखाली बसला आणि तिथूनच शिट्टी दिली.

पुढचे वर्णन मी करणार नाही.

चौकशीत तो म्हणाला, "मी हात लावून उठवलं होतं तिला. माझ्यादेखत निघाली होती. हंडा विसरली म्हणून परत गेली असेल."

तिचा मुलगा तिथेच उभा होता. खाणीवर डंपर चालवी. ते ऐकून तो मटकन खाली बसला.

"आदल्या दिवशी तिनं एक हंडा हरवला होता," तो म्हणाला. "मी बोललो तिला. म्हटलं, पुन्हा हंडा टाकून आलीस तर घरात पाऊल ठेवू नकोस... त्यासाठीच परत फिरली ती. मीच मारलं आईला."

शिट्टीवाल्याने हे ऐकले. आणि तो गप्प राहिला.

माझ्या मते खरे पाप ते. झाडाखाली आळस घडला. इथे त्याने आपला अपराध दुसऱ्याच्या छातीवर ठेवला आणि तो उचलून घेतला नाही. मुलगा भरल्या ताटावरून उठू लागला. लोकांशी बोलेनासा झाला. शिट्टीवाला शेजारच्याच घरातून ते रोज पाही. प्रार्थनेला बसे आणि तसाच उठे. देवापुढे खोटे बोलवत नव्हते, आणि माणसांपुढे खरे.

आता खाली बहिरे कोणी नव्हते, म्हणून शिट्टी तो त्या झाडापासूनच देई, झऱ्यावर उतरत नसे. असे वर्ष गेले, आणि मग ती रात्र.

पंपाची खोली कड्याच्या अगदी खाली होती. त्याने बटण दाबले. पंप सुरू झाला नाही. तारा पाहायला तो वाकला, तोच बाहेर आवाज आला.

हंडा भरण्याचा. भरत आलेल्या हंड्याचा आवाज जसा बदलत जातो, तसाच बदलत जाणारा.

"कोण आहे?"

त्याने पुन्हा विचारले.

"एवढ्या रात्री कोण पाणी भरतंय?"

हंडा भरतच होता.

तो दारात आला. बॅटरी वळवली. झऱ्याकाठी एक बाई... पाठमोरी. वाकलेली. हाकेला तिने मान वळवली नाही.

तिला हाक ऐकू येणारच नव्हती.

आणि वर... भोंगा वाजला.

रात्री सुरुंग कधी उडवत नसत. तरी वाजला.

काय करायचे, ते त्याला ठाऊक होते. पुढे जायचे. खांद्यावर दोन चापट्या. बस्स.

पाय उचलेना.

दुसरा भोंगा.

"मावशी..." तो म्हणाला. "मावशी, ऊठ..."

नुसते तोंडाने. हात पुढे झाला नाही. त्याने भिंतीकडे तोंड फिरवले. डोळे मिटले.

शिट्टीवाचून तिसरा भोंगा वाजत नाही.

वाजला.

मग... काही नाही. हंडाही थांबला.

आणि मागून, त्याच्या खांद्यावर... दोन चापट्या. हलक्या. ओल्या.

तो धावत सुटला. त्याच झाडापाशी पोचतो न पोचतो, तोच मागे कडा कोसळला. पंपाची खोली, झरा, सारे गडप.

काय म्हणालीस, बाळ? मावशीने वाचवले? ते तू ठरव. मी घडले ते सांगतो.

पहाटे आम्ही गेलो, तेव्हा तो झाडाखाली बसला होता. सदऱ्यावर उजव्या खांद्याशी तांबड्या चिखलाचा पंजा उमटलेला. लहानसा, बाईमाणसाचा. सदरा काढला, तर खाली कातडीवरही तोच. फोरमन शपथेवर सांगत होता, भोंग्याच्या खोलीला रात्रभर कुलूप होते. वस्तीत कोणीही भोंगा ऐकला नव्हता.

गर्दीत मावशीचा मुलगा दिसताच शिट्टीवाला उठला. "मी खाली उतरलोच नव्हतो रे! मी तिला हात लावलाच नाही! तुझा काही दोष नाही!" तो घसा फोडून ओरडत होता, कारण स्वतःचाच आवाज त्याला ऐकू येत नव्हता. पुढे डॉक्टरांनी तपासले. कान निर्दोष निघाले. ऐकणे मात्र परत आले नाही.

मुलाने हात उगारला नाही. जवळ आला, त्याच्या गळ्यातली शिट्टी काढली आणि आपल्या गळ्यात घातली. त्या रात्री, कितीतरी दिवसांनी, तो पोटभर जेवला. आता डंपर त्याने सोडला आहे. शिट्टीचे काम तोच करतो.

झरा थोडा खाली पुन्हा फुटला आहे. आमचा शिट्टीवाला दिवसभर तिथे बसून म्हाताऱ्यांचे हंडे भरून देतो. पहिला भोंगा झाला की मुलगा पायवाटेने उतरतो. शेवटपर्यंत उतरतो. ऊन असो, पाऊस असो. मागून येऊन त्याच उजव्या खांद्यावर दोन चापट्या मारतो.

मी एकदा शेजारी उभा होतो. मुलाचा हात कोरडा ठणठणीत होता. तरी शिट्टीवाला उठला, तेव्हा त्याचा सदरा खांद्यावर ओला झालेला होता. तांबडा. पाच बोटे स्पष्ट.

"गुरुजी," तो रडत मला म्हणाला, "त्यानं मला एकदाच दगडानं ठेचलं असतं तर..."

नाही ठेचले. त्याला शिक्षा झाली ती एवढीच : दर सुरुंगाला त्याला वाचवायला कोणीतरी येते.