नऊपैकी सातवी

दर रविवारी सकाळी दहा वाजता दंतवैद्याच्या गॅरेजचं शटर वर जायचं आणि वादाला तोंड फुटायचं. गॅरेज कसलं, चांगली लांबरुंद शेड होती. फरशी इतकी लख्ख, की ऑइलचा थेंब दिसला तर कोणीतरी गुडघ्यावर बसून तो पुसून घ्यायचं. भिंतीशी लोखंडी खुर्च्या, कोपऱ्यात चहाचं मशीन आणि मधोमध ती. राखाडी निळी, दोनच माणसांची, उभ्या माणसाच्या कमरेलाही न लागणारी. अशा गाड्या जगात नऊच झाल्या. ही सातवी.

"नऊच झाल्या म्हणून किंमत, की चांगली आहे म्हणून किंमत?" कॅप्टननी काडी टाकली. कॅप्टन म्हणजे निवृत्त वैमानिक. त्यांच्याकडे अशा जुन्या शर्यतीच्या तीन गाड्या होत्या आणि तिन्ही बंद.

"चांगली कुठून आलीय?" वकील म्हणाले. "वळणावर मागची चाकं अशी सुटतात की जीव मुठीत धरावा लागतो. ब्रेक लावायचा तर आठ दिवस आधी अर्ज द्यावा. माझ्या सुनेची साधी गाडी हिच्यापेक्षा बरी पळते."

"मग सुनेच्या गाडीला टेकून फोटो का नाही काढलास कधी?" कॅप्टननी विचारलं.

हशा पिकला. दंतवैद्य मात्र हसला नाही. गाडी त्याची होती आणि आता तो ती विकणार होता.

"हे बघा," तो म्हणाला, "रंग उडू दे, कातडं फाटू दे. किंमत असते ती खरेपणाची. चासीवरचा नंबर तोच, इंजिन तेच, पत्रा तोच. झालं. कळेल त्या माणसासमोर मला दुसरं काही बोलावंच लागत नाही."

आणि सगळ्यांच्या माना शेवटच्या खुर्चीकडे वळल्या.

तिथे बसणाऱ्याला सगळे पारखी म्हणायचे. एकतीस वर्षं त्याने विमा कंपनीसाठी आदळलेल्या, जळालेल्या, बुडालेल्या गाड्या तपासल्या होत्या. कुठला पत्रा मूळचा आणि कुठला नंतरचा, हे तो बोटाच्या पेराने सांगायचा. त्या खुर्च्यांमध्ये बसणाऱ्यांत स्वतःची अशी गाडी नसलेला तो एकटाच. त्याला तिथे जागा होती ती त्याच्या शब्दामुळे.

"गिऱ्हाइकाला लेखी दाखला हवाय," दंतवैद्य त्याला म्हणाला. "तू सही कर. तुझ्या सहीवर कोण बोट ठेवणार? आज बघूनच टाक."

"बघायचं काय त्यात," पारखी म्हणाला. "बघितलीय की मी."

"बावीस वर्षांपूर्वी!"

पारखी खुर्चीतून उठला नाही. बावीस वर्षं दर रविवारी तो या गाडीपाशी यायचा, पण बॉनेट उघडलं गेलं की चहा घ्यायला कोपऱ्यात जायचा. कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ती गाडी खरी होती. तिच्याइतकी खरी वस्तू त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. खोटं होतं ते वेगळंच.

गाडी एका ड्राफ्ट्समनची होती. जन्मभर यंत्रांचे आराखडे काढून साठवलेलं सगळं त्याने या एका गाडीत घातलं होतं, आणि जानेवारीत तो अचानक गेला. त्याच्या बायकोला गाडीतलं काही कळत नव्हतं. तिने विमा कंपनीत विचारलं, कंपनीने पारख्याला पाठवलं. तारीख चौदा जून. त्याने गाडी पाहिली आणि उभ्या जागी त्याचे डोळे भरून आले. मग त्याने फाटकाबाहेर येऊन दंतवैद्याला फोन केला. नंतर वर तिच्या घरी गेला, आणि तिने पुढे केलेला चहा घेत घेत त्या बाईला सांगितलं, की गाडी नकली आहे. नंबर घासून पुन्हा ठोकलाय. इंजिन दुसऱ्याच गाडीचं आहे. दाराचा पत्रा साधा, लोखंडी आहे. भंगाराहून थोडं जास्त कोणी दिलं तर देऊन टाका.

दंतवैद्याने ती आठवड्याभरात उचलली. पारख्याला त्यातून काय मिळालं? एक खुर्ची. आणि महिन्यातून एकदा, मोकळ्या रस्त्यावर, अर्धा तास स्टिअरिंगवर बसायला. एवढ्यासाठी! लाच खाल्ली असती तर निदान लाच खाल्ली असं म्हणता आलं असतं. हे कोणाला सांगायचं म्हटलं तरी शरमेनं कानाच्या पाळ्या तापायच्या.

"चल, ऊठ," दंतवैद्य म्हणाला.

पारखी उठला. खिशातला छोटा लोहचुंबक त्याने सवयीने काढला. या नऊ गाड्यांचा पत्रा ॲल्युमिनियमचा. चुंबक त्यावर लागत नाही, घसरून पडतो. तेव्हाही असाच हातावर पडला होता, त्याला नीट आठवत होतं. त्याने तो दाराला टेकवला आणि खाली तळहात धरला.

चुंबक दाराला चिकटला.

त्याने तो उपटून काढला, वीतभर खाली लावला. टक् असा आवाज आला.

"दार कधी बदललंस?" त्याने हळूच विचारलं.

"दार? वेड लागलं का? त्याची बिजागरीसुद्धा मी बदललेली नाही."

पारखी पुढच्या चाकाशी बसला. टॉर्च घेऊन चासीवरचा नंबर पाहिला. मूळ नंबर हाताने ठोकलेला होता, सातचा आकडा किंचित डावीकडे कललेला. आता सात सरळ उभा होता. भोवतीच्या लोखंडावर कानसेचे बारीक ओरखडे होते आणि त्यांच्यात गंज भरला होता. कालपरवाचा नाही. वीसेक वर्षांचा तरी गंज.

मग त्याने बॉनेट उघडायला सांगितलं. आत वाकला, आणि बराच वेळ तसाच राहिला.

इंजिन दुसऱ्याच गाडीचं होतं. साध्या, चार दारांच्या गाडीचं. वरचं झाकण तेवढं मुळाबरहुकूम बनवून बसवलेलं.

"काय झालं?" दंतवैद्याने विचारलं. "बोल ना. अरे, घाम काय पुसतोयस?"

"नकली आहे," पारखी म्हणाला.

पुढे काय झालं ते त्याला तुकड्या-तुकड्याने आठवत राहिलं. दंतवैद्याचा लालबुंद चेहरा. "बावीस वर्षं! मी हिला लेकीसारखी सांभाळली. तू सांगितलंस खरी आहे म्हणून!" वकील कॅप्टनच्या कानाशी लागले होते. आणि मग स्वतःचाच आवाज, शेडभर घुमणारा: "खरीच होती! मी तुझ्याशी खोटं बोललो नाही. मी त्या बाईला फसवलं. तिला मी नकली म्हणून सांगितलं. तुला मिळावी म्हणून. मला चालवायला मिळावी म्हणून!"

बावीस वर्षं दाबून ठेवलेलं चार माणसांपुढे सांडलं होतं. आता ते पुसायलाही कोणी खाली वाकत नव्हतं.

कॅप्टननी चष्मा काढून रुमालाने पुसला.

"दोघांपैकी एकाशी तू खोटं बोललास," ते शांतपणे म्हणाले. "कोणाशी, ते गाडी सांगतेय."

"तुम्ही तरी पाहिला असेल ना कॅप्टन तो नंबर? सात कललेला होता."

"मी कशाला पाहू? तुझा शब्द होता."

घरी येऊन त्याने माळ्यावरची पेटी काढली. जुन्या तपासण्यांचे फोटो त्याने जपून ठेवले होते. चौदा जूनचं पाकीट सापडलं. फोटोत सात सरळ होता. भोवती ओरखडे होते.

बायको दारात उभी होती. "त्या गाडीचे ना हे? त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हतात. विचारलं तर म्हणालात, हातून एक वाईट काम झालं. मग दोन दिवस धड बोलला नाहीत माझ्याशी."

"तुला आठवतंय?" त्याला एकदम हुंदका आला. त्या वाईट कामाची एवढीच खूण आता जगात शिल्लक होती.

रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. गाडीबद्दल तो तीन वाक्यं खोटी बोलला होता. नंबर, इंजिन, पत्रा. तिन्ही खरी निघाली. पण त्या दिवशी तो आणखी एक बोलला होता. गाडीबद्दल नव्हे. ती बाई पुन्हा पुन्हा म्हणत होती, "अहो, असं कसं होईल? यांनी तर कागदन् कागद तपासून गाडी घेतली होती. यांना कोणी फसवणं शक्य नाही." तेव्हा तिचं तोंड बंद व्हावं म्हणून पारखी म्हणाला होता, "बाई, राग मानू नका. तुमच्या मिस्टरांना हे माहीत असणार. त्यांनीच करवून घेतलंय हे सगळं. चढ्या भावाने विकायला."

ती एकदम गप्प झाली होती. तिचा तो चेहरा बावीस वर्षं त्याच्या डोळ्यांपुढून हलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो तिच्याकडे गेला. घर तेच, दुसऱ्या मजल्यावरचं. आता तिथे रंग नवा होता आणि जिन्याला कठडा बसवला होता. ती थकली होती, पण तिने त्याला ओळखलं, आणि तिचा चेहरा असा फुलला की पारख्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"या, या! तुम्ही ते विमा कंपनीचे ना? बसा. किती वेळा मनात आलं, तुम्हाला शोधून काढावं."

"बाई, मी काय सांगतो ते आधी ऐका." तो बसला नाही. "मी तुमच्याशी खोटं बोललो होतो. गाडी खरी होती. तुमचे मिस्टर सरळ माणूस होते. त्यांनी काहीही केलेलं नव्हतं. मी तुमचा गुन्हेगार आहे."

तिने त्याच्याकडे पाहिलं. लहान मुलाची समजूत घालावी तशी हसली.

"इतक्या वर्षांनी मला बरं वाटावं म्हणून आलात होय? नको हो. मला सगळं कळलंय. तुम्ही एकटेच माझ्याशी खरं बोललात." ती उठली, कपाट उघडलं, साड्यांच्या घडीखालून एक कागद काढला. "तुम्ही येऊन गेल्यावर यांचे कपडे देऊन टाकायला काढले, तर कोटाच्या खिशात हे होतं. वाचलं, आणि त्याच दिवशी यांचा फोटो भिंतीवरून उतरवला. पुन्हा लावला नाही."

पारख्याने कागद घेतला. अक्षर त्याच्या ओळखीचं होतं. गाडीच्या कप्प्यात एक वही होती, तिच्यात ड्राफ्ट्समनने ऑइल बदलल्याच्या नोंदी केल्या होत्या. आराखड्यावर लिहावं तसं सरळ, सुटं अक्षर. हे तेच, फक्त थरथरलेलं.

'गाडी खोटी आहे. मीच तशी करवून घेतली. आज घरी आलेले गृहस्थ जे म्हणाले ते सर्व बरोबर आहे. मला क्षमा कर.'

खाली सही. सहीखाली तारीख. चौदा जून.

आणि माणूस गेला होता जानेवारीत. त्याने बाईकडे पाहिलं. इतकी वर्षं तिने हा कागद कितीदा वाचला असेल, पण तारखेवर तिचं बोट कधी थांबलेलं दिसत नव्हतं.

"हे... हे कधी लिहिलं त्यांनी?"

"जाण्याआधी कधीतरी," ती म्हणाली. "दुसरं कधी लिहिणार?"

कागद जाड होता. हातात धरल्यावर मागच्या बाजूने बोटांना काहीतरी लागत होतं. पेन दाबून लिहिल्यावर उठतं तसं. पारख्याने कागद उलटा केला.

मागची बाजू भरलेली होती. वरपासून खालपर्यंत एकच ओळ, पुन्हा पुन्हा. 'गाडी खरी आहे. गाडी खरी आहे. गाडी खरी आहे.' प्रत्येक ओळ शेवटी खोडलेली. जसजसं खाली जावं तसतसं अक्षर बिघडत गेलेलं, जणू कोणी मनगट धरून वळवत होतं. 'गाडी ख'. नुसता 'ख', कागद फाटेस्तोवर दाबलेला. मग 'गाडी खो'. आणि अगदी तळाला, शाळेत शिक्षा म्हणून लिहायला लावतात तसं, वळणदार आणि निमूट: 'गाडी खोटी आहे.'

"मागे आहे का काही?" बाईने विचारलं. "मी कधी उलटून पाहिलंच नाही. हिंमत नाही झाली."

पारख्याने तोंड उघडलं. सांगायला हवं होतं. त्यासाठीच तर तो आला होता. पण तिचे डोळे त्याच्यावर लागले होते, आणि बावीस वर्षांपूर्वी एका जिवंत बाईचं त्याने जे केलं होतं, त्याहून भयंकर काहीतरी त्याने एका मेलेल्या माणसाचं केलं होतं. ते उच्चारायला त्याची जीभ उचलेना.

"नाही," तो म्हणाला. "काही नाही. कोरं आहे."

"बघू," ती म्हणाली, आणि तिने हात पुढे केला.

त्याने कागद दिला. तिने तो खिडकीपाशी नेला, उजेडात धरला, उलटसुलट करून पाहिला, अंगठ्याने हळूच चाचपला.

"हो," ती म्हणाली, "कोरंच आहे."

आणि तिने त्याला दाखवण्यासाठी तो त्याच्यापुढे धरला. मागच्या बाजूवर आता एकही अक्षर नव्हतं.