आरशासमोरचा नळ

तो पहिल्यांदा पार्लरमध्ये शिरला तेव्हा ती एका बाईंच्या केसांना डाय लावत होती. पुरुषांना इथे आत येता येत नाही, हे सांगायला तिने तोंड उघडलं, तर तोच आधी म्हणाला, "मी पाणीखात्याचा. फक्त तुमचा नळ बघायला आलोय."

आता यावर काय बोलणार? तिने ब्रशनेच बेसिन दाखवलं.

गल्लीत घरोघरी पोटं बिघडली होती, म्हणून खात्याने त्याला धाडलं होतं. मोठ्या पाइपवरून गल्लीत वळलं की पहिलं घर तिचं, पार्लरही त्यातच, त्यामुळे तपासणीही तिथूनच. त्याने नळ जरा वाहू दिला, काचेच्या छोट्या नळीत पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले आणि नळी डोळ्यांसमोर धरून उभा राहिला. पाणी पिवळं झालं. पिवळं म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे, जंतूंचं काही चालणार नाही, असं त्याने खुर्चीतल्या बाईंना समजावलं. आणि मग तो हसला… थोडंसंच, ओठांच्या एका कोपऱ्यातून. बाईंच्या कपाळावर डायचा ओघळ आला तरी हिचं लक्ष नाही.

दुसऱ्यांदा तो आला तेव्हा ती मुद्दाम मागे, दाराच्या आडोशाला उभी राहिली. तिथून त्याला निवांत बघता येत होतं. पण या वेळी थेंब टाकूनही पाण्याला रंगच चढला नाही. त्याने नळी हलवली, इकडे तिकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली. जाताना तिच्यासोबत राहणाऱ्या आत्याच्या हातात क्लोरीनच्या गोळ्यांचं पाकीट ठेवलं, पिण्याच्या हंड्यात एक टाका आणि अर्ध्या तासाने प्या म्हणाला, आणि निघून गेला. हसला नाही.

दिवसभर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. आपल्याच नळाने त्याचा चेहरा उतरवावा? संध्याकाळी तिने त्या गोळ्या मूठभर गच्चीवरच्या टाकीत टाकल्या. मग बेसिनखाली वाकून कॉक फिरवला. आता नळाला थेट पाइपचं नाही, टाकीचं पाणी येणार होतं. बिचाऱ्याला बरं वाटावं, एवढंच. निदान स्वतःला तिने एवढंच सांगितलं.

पुढच्या वेळी टॉवेल घेऊन ती बेसिनजवळच थांबली. पाणी हळदीसारखं पिवळं झालं. तो आधी चक्रावला, मग मान वर केली आणि हसला. तिला जग जिंकल्यासारखं झालं.

मग तो रोजच यायला लागला, आणि तीही टाकीतल्या गोळ्या संपू देईना. बोलायचा काय, तर जुलाब, कावीळ, टायफॉइड. पाइपला तडा असला की पाणी बंद असताना गटाराची घाण आत ओढली जाते. पाणी काचेसारखं दिसलं तरी त्यावर विश्वास ठेवायचा नाही. हंड्यात हात बुडवायचा नाही, दांड्याचं ओगराळं वापरायचं. हे सगळं तो इतक्या हळुवार आवाजात सांगायचा की तिला काही उमगेना. एकदा दारातून मागे वळून म्हणाला, "पाणी उकळून पिता ना? खरंच उकळा हं… बुडबुडे येईपर्यंत." हे खातं बोलतंय की हा? रात्री कूस बदलत तिने त्या वाक्याचा बराच कीस पाडला आणि शेवटी काहीच न ठरवता झोपली.

आत्याने एकदा विचारलंच, "हा नळासाठी येतो की तुझ्यासाठी?"

"नळासाठी."

"मग लिपस्टिक नळाला का लावत नाहीस?"

त्याच आठवड्यात टिकली आजारी पडली. टिकली म्हणजे तिची भाची, गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या दादाची मुलगी. उलट्या-जुलाबांनी पोरगी पार सुकून गेली. दवाखान्यात तिच्या एवढ्याशा हाताला सलाईन लावलेलं, आणि वहिनी पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, पाणी तर अगदी स्वच्छ दिसायचं.

दुसऱ्या दिवशी तो आला तोच ओढलेल्या चेहऱ्याने. नळी न काढताच बेसिनला टेकला.

"माझं डोकं चालेनासं झालंय," तो म्हणाला. "तुमचा नळ पहिला. तो पिवळा, म्हणजे पाइप चांगला. म्हणून आम्ही घरोघरच्या टाक्या धूत बसलोय आणि माणसं आजारी पडतातच आहेत. तुमचा नळ असा नसता ना, तर मी केव्हाच पाइप खणला असता."

तिने बेसिनखालच्या कॉककडे पाहिलं. सांगितलं तर हा पुन्हा उंबरठा ओलांडणार नाही. नाही सांगितलं तर… टिकलीचा हात डोळ्यांपुढून हलेना. ती खाली वाकली आणि कॉक फिरवला.

"आता घ्या पाणी."

त्याने घेतलं. थेंब टाकले. पाण्याला रंग चढलाच नाही.

"टाकीवर होता?" त्याने हळूच विचारलं. "कधीपासून?"

"तुम्ही हसला नाहीत… तेव्हापासून. टाकीत गोळ्या मीच टाकल्या."

त्याने तिच्याकडे पाहिलं. राग होता की आणखी काही, तिला कळलं नाही. मग फोन कानाला लावत तो बाहेर पडला.

संध्याकाळपर्यंत पार्लरच्या पायरीसमोर खड्डा झाला. पाइपला लांब तडा होता आणि वरून गटार वाहत होतं. पाइप बदलला, गल्लीभर उकळून प्यायची ताकीद फिरली, टिकली घरी येऊन पुन्हा सगळ्यांना छळायला लागली. तो मात्र आला नाही. गिऱ्हाइकांचे केस धुताना हिचे डोळे भरून यायचे, आणि शाम्पू गेला म्हणायचीही सोय नव्हती, कारण शाम्पू दुसऱ्याच्या डोक्यावर.

आणि एका दुपारी तो दारात उभा. आल्या आल्या बेसिनखाली वाकला, कॉक थेट आहे ना बघितलं, मग पाणी घेतलं. सुरेख पिवळं झालं. पण चेहऱ्यावर हसू नाही.

तिला राहवलं नाही. "आज खरं पिवळं झालंय. तरी हसला नाहीत."

"पिवळ्याला मी कधी हसलोच नव्हतो."

"म्हणजे?"

"पहिल्या दिवशी नळी वर धरली, तर मागे आरसा होता. आरशात तुम्ही. नाकाच्या शेंड्यावर डायचा ठिपका. दुसऱ्या दिवशी तुम्ही आरशात नव्हता."

"मी मागेच होते… दाराशी."

"मला काय माहीत." त्याने नळी धुऊन पिशवीत ठेवली. "खरं तर आधी खाली वाकून कॉक बघायचा असतो. मी रोज आरशात बघत राहिलो. टिकलीला काही झालं असतं तर… ते माझ्याही डोक्यावर असतं. साहेबांना तसं सांगितलं. त्यांनी ही गल्ली माझ्याकडून काढून घेतली."

तिने गोंधळून विचारलं, "मग आज कुठल्या कामाने आलात?"

आता मात्र तो हसला. आरशात नाही, समोर बघून.

"तहान लागली होती."

आतून आत्याचा आवाज आला, "उकळलेलं दे गं त्याला."

तिने पेला भरला. तो घेताना त्याने नळी काढली नाही, थेंबही टाकले नाहीत. सगळं पाणी पिऊन त्याने रिकामा पेला तिच्या हातात दिला आणि आणखी मागितलं.