पायरीवरच्या दोघी

कंदील जरा बारीक कर रं शामू, तेल सकाळपर्यंत पुरवायचंय. तंबाखू राखायला बसलोय आपण, वरातीला नाही. भरमू, तू घोंगडं ओढून आडवा झालास तरी चालेल. मला काही झोप येत नाही. या वयात अंग दमतं, पण डोळा लागत नाही.

गोष्ट सांगा म्हणता, तर सांगतो. घडलेली आहे, आणि ज्याच्या घरात घडली तो माणूस माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. मी बेळगावला कचेरीत कारकून होतो तेव्हाची गोष्ट. मारुतीराव त्याचं नाव. सहा दिवस मान मोडून कागद खरडायचा आणि रविवारी फोटो काढायचा. एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना आपला जुना कॅमेरा त्याला विकून गेला होता, तिपाई आणि फोटो उतरवायच्या काचांच्या पेट्यांसकट. आम्ही त्याला चिडवायचो, की बाबा लग्न कर, म्हणजे फोटोला घरचं माणूस मिळेल. तो नुसता हसायचा.

त्याचा नाद जगावेगळा होता. संध्याकाळी किल्ल्याच्या तळ्यावर माणसं वारा खायला यायची. चुरमुरे खाणारी पोरं, गवतावर पसरलेले हमाल, पाण्यात पाय सोडून बसलेल्या बायका. हा त्यांचे फोटो काढायचा. ताठ बसवलेली माणसं त्याला नको असायची. म्हणायचा, माणूस दमून बसला की खरा दिसतो, कॅमेरा दिसला की परत कामाला लागतो. म्हणून हा गुपचूप मागून काढायचा. त्यामुळं निम्म्या फोटोंत नुसत्या पाठी. आम्ही हसायचो. आता हसू येत नाही.

साल छत्तीस. भाद्रपद वद्य अष्टमीची रात्र. मारुतीराव नुकताच कचेरीतून येऊन चूल पेटवत होता, तेवढ्यात शहापूरचा एक विणकर जिना चढून वर आला. यमनाप्पा नावाचा, साठीचा, पाठीला पोक आलेला. काम साधंच होतं. त्याची बायको चैत्रात गेली होती आणि दुसऱ्या दिवशी अविधवा नवमी होती. सवाष्ण मेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवायला घालतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. पाटावर तिचा फोटो मांडावा असं म्हाताऱ्याच्या मनात होतं, आणि घरात फोटोच नव्हता. मागच्या नवरात्रात ती गल्लीतल्या बायकांबरोबर किल्ल्यातल्या देवीला गेली होती, आणि येताना तळ्यावर टेकली होती. घरी येऊन म्हणाली होती, कोण एक बाबा मागं उभा राहून फोटो काढत होता. तेवढ्या एका बोलण्यावरून यमनाप्पा विचारत विचारत इथवर पोचला होता.

मारुतीराव पार शिणला होता. उद्या या म्हणणार होता, पण उद्या आलेल्या फोटोचा उपयोग काय. त्यानं भात तसाच ठेवला आणि नवरात्रातल्या काचा काढल्या. काचेवर सगळं उलटं असतं रे, केस पांढरे आणि तोंड काळं. तरी म्हाताऱ्यानं एक काच कंदिलापुढं धरली आणि तो तिथंच थांबला.

तळ्याच्या खालच्या पायरीवर दोघी बसल्या होत्या, दोघी पाठमोऱ्या. डाव्या हाताची आपली, असं तो म्हणाला. उजव्या हाताची कोण, ते त्याला माहीत नव्हतं. गल्लीतली नव्हे एवढं मात्र नक्की.

मारुतीरावानं खिडकी झाकली, कंदिलाला तांबडा कागद गुंडाळला आणि फोटो छापला. औषधाच्या पाण्यात कागद हलवला तशा पायऱ्या उमटल्या, पाणी उमटलं, दोन पाठी उमटल्या. यमनाप्पा खूप वेळ वाकून बघत राहिला. मग म्हणाला, तोंड कुठं हाय?

मारुतीराव म्हणाला, आप्पा, जी पाठमोरी बसली ती पाठमोरीच येणार, मी काय करू? तेव्हा म्हातारा भिंतीला टेकून खाली बसला आणि सांगू लागला.

"मला तिचं तोंड आठवंना झालंय, मास्तर. चाळीस वर्सं एका घरात काढली. पर मी बघितला तो धागाच. आता डोळं मिटलं की माग दिसतोय, त्यावर पळणारा धोटा दिसतोय. ती दिसत न्हाय. उद्या सवाष्णीच्या पाया पडताना कुणाला डोळ्यापुढं आणू?"

मारुतीरावाला वाईट वाटलं. पोटात भूक होती, डोळे जळत होते, पण म्हाताऱ्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? आणखी एक छापून देतो, जरा उजळ येईल, असं म्हणून त्यानं दुसरा कागद पाण्यात सोडला.

पायऱ्या उमटायला लागल्या, तेवढ्यात यमनाप्पा वाकला. अगदी पाण्याला तोंड लागेल इतका. आणि घरात हाक मारायचा तशी हळूच हाक मारली.

"अगं ए... हिकडं बघ की गं."

पाठी उमटल्या. म्हणजे... एक पाठ उमटली.

दुसरीनं मान वळवली होती.

मारुतीरावाला वाटलं आपले डोळे गेले. त्यानं कंदील जवळ ओढला. कपाळ, कुंकू, नाक, सगळं स्वच्छ. पायरीवरून ती मागं बघत होती. सरळ वर, या दोघांकडं. त्यानं हातातली काच उचलून बघितली. काचेवर दोघी पाठमोऱ्याच होत्या.

खालच्या वाटेनं एक टांगा गेला, तेवढाच आवाज.

मग म्हातारा म्हणाला, "ही न्हवं."

वळली होती ती उजव्या हाताची. अनोळखी. डावीकडची तशीच होती, पाठ करून, पाण्यात पाय सोडून.

बरं का पोरांनो, आपल्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. मूल असतं तर अमक्याची आई म्हणतो. यमनाप्पाला मूलबाळ नव्हतं. चाळीस वर्षं त्यानं बायकोला 'अगं ए' म्हणूनच हाक मारली. घरात एकच बाई, तेव्हा ते चालून गेलं. पण तळ्यावर किती बाया येऊन बसल्या असतील. त्यांतल्या किती जणी घरी गेल्या, किती गेल्या नाहीत, कुणी सांगावं? आणि ज्या बाईला उभ्या जन्मात 'अगं ए'च ऐकू आलं, ती त्या हाकेला वळणारच.

"आप्पा," मारुतीराव म्हणाला, "घरी जावा आता."

"चूक माझी झाली," यमनाप्पा म्हणाला. "आनी एकदा छापा. येकच."

नाही म्हणायला हवं होतं, पण म्हणवलं नाही. त्यानं कागद पाण्यात सोडला. यमनाप्पा वाकला नाही. उभाच राहिला. त्याला ते नाव तोंडातून काढायला फार कष्ट पडले. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर आत्ताच.

"तारा..."

थांबला.

"ताराबाई. मी आलोय गं."

पायऱ्या उमटल्या.

पाणी उमटलं.

उजवीकडची बाई उमटली. तशीच. मागं बघत.

डावीकडं... पायरी. नुसता दगड.

मारुतीराव कागद हलवत राहिला. आता येईल, मग येईल. आली नाही. दगडाच्या फटीतलं गवतसुद्धा दिसत होतं. त्यानं मान वर केली.

यमनाप्पा कागदाकडं बघतच नव्हता. त्यानं तोंड फिरवलं होतं. दाराकडं. अंधारात. आणि इतकी वर्षं न बघितलेलं काहीतरी तो बघत होता. टक लावून. पापणी न हलवता. गालावरून पाणी ओघळत होतं आणि तो हसत होता.

मारुतीरावानं मागं वळून बघितलं नाही. त्याची पाठ दाराकडं होती. ती पाठ गार पडत गेली, एवढंच तो सांगायचा.

मग म्हातारा दाराकडं निघाला.

"चल," यमनाप्पा म्हणाला. मारुतीरावाला नव्हे.

जिना वाजला. किती पावलं, ते मारुतीरावानं मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला राहवेना, म्हणून तो शहापूरला गेला. यमनाप्पाच्या घरी सवाष्ण जेवून उठत होती. पाटावर फोटो नव्हता. मारुतीरावानं विचारलं तेव्हा म्हातारा शांतपणे म्हणाला, आता काय गरज न्हाय, तोंड ध्यानात हाय. जेवून जावा. मारुतीराव पोटभर जेवून आला. पुढं यमनाप्पा तीन-चार वर्षं सुखानं जगला, म्हणे मागावर बसल्या बसल्या मधूनच मान वर करून बघायचा.

म्हाताऱ्याचं भागलं. पण मारुतीराव त्यानंतर तळ्यावर गेला नाही. कॅमेरा त्यानं बांधून माळ्यावर टाकला. तो शेवटचा कागद मात्र त्याला फाडता आला नाही. कुणी ओळखीचं घरी आलं की तो दाखवायचा आणि विचारायचा, ही बाई कुठं बघितलीय का हो? हिचं नाव काय? कुणालाच माहीत नव्हतं. मीही माहीत नाही म्हणालो.

मी तो फोटो हातात घेऊन बघितलाय. पायरी रिकामी आहे, आणि शेजारी ती. तुम्ही म्हणाल, भेसूर असेल. तसं काही नाही. रागसुद्धा नाही तिच्या तोंडावर. शेतातनं आलेल्या बाईचं असतं तसं दमलेलं तोंड आहे. मान पूर्ण वळलेली, डोळे आपल्याकडं लागलेले. आणि ओठ जरासे उघडे आहेत... ओ देताना असतात ना, तसे.