बाई, पाणी घालू नका

"बाई, मारताय तुम्ही त्याला!"

सायकलवरून कुणीतरी बोललं. मी वळले. हातात भांडी विसळलेल्या पाण्याची बादली. साल त्र्याहत्तर. कॉलनीच्या नळाला दिवसाआड अर्धा तास पाणी, आणि हा परका माणूस म्हणतो मारताय!

"माझ्या वाटणीचं घालतेय. तुमच्या बापाचं नाही."

"तेच सांगतो... नका घालू." तो हसला. मला आणखीच राग आला, कारण हसू छान होतं.

झाड म्हणजे हातभर उभा निवडुंग. शेजारच्या शकुबाईनं, दारात काटे असले की घरात भांडणं होतात म्हणून, उकिरड्यावर फेकला होता. मी उचलून डालडाच्या डब्यात लावला. टाकलेल्या गोष्टींचा मला राग नाही. टाकणाऱ्यांचा आहे.

त्यानं बुडाशी बोट दाबलं. "बघा, मऊ पडलं. वाळवंटातलं हाय हे. तहान सोसतं, लाड नाय सोसत." खिशातून चाकू काढून त्यानं वरचा धड तुकडा कापला. "दहा दिवस सावलीत ठेवा. काप सुकला की वाळूत लावा."

"आणि चुकलं तर?"

"मी येतो ना अकराव्या दिवशी."

आला. मग येतच राहिला. मंगळू गावित, हरसूलकडचा कोकणा आदिवासी, सरकारी नर्सरीत कामाला. मी प्राथमिक शाळेत मास्तरीण.

"फुलतं का कधी?" मी विचारलं.

"फुलतं की. अंधार पडला की उघडतं, दिवस वर यायच्या आत मिटतं. पण पाच वर्सं लागतील."

"तोवर तुम्ही येत राहणार?"

"झाड बघायला यावंच लागंल."

"झाडच ना?"

त्यानं उगाच सायकलची घंटी वाजवली. कान लालभडक.

पाच वर्षं दर रविवारी आला. निवडुंग डब्यातून जमिनीत गेला, माझ्या डोक्याच्या वर गेला. मंगळू झाडापलीकडचं काही बोलला नाही. आणि मी, मोर्चात घोषणा देणारी मी, याच्यापुढं... झाडाचीच चौकशी करायचे.

भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. त्यांच्याच खाली बसून आई विचारायची, "जात काय गं त्याची? आपल्यातला नाही ना?" ज्या प्रश्नानं आमच्या पिढ्या जाळल्या, तोच आमच्या तोंडात! मी भांडायचे. पण नांदगावच्या तलाठ्याचं स्थळ तिनं ठरवत आणलं, तेव्हा मी गप्प बसले. चूक माझी.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात वांग्याएवढी कळी धरली. "उद्या अंधार पडला की उघडंल," मंगळू म्हणाला. "मी येतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेमके पाहुणे लग्नाची तारीख धरायला आले. नवरदेवाच्या हातात चहा, आणि दारात मंगळू. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला.

आई म्हणाली, "आज पाहुणे आहेत रे. उद्या ये."

"उद्या नसंल, मावशी. एकच रात असतं."

"मग पुढच्या वर्षी ये."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. झाड सोडून, पहिल्यांदाच सरळ माझ्याकडं. "बरं," म्हणाला, आणि सायकलकडं वळला.

मी उठले.

"थांबा! आई, मला यांच्याशी लग्न करायचंय."

नवरदेवाचा कप ओठांपाशीच थांबला. मंगळू मागं वळला. "पण बाई... मला इचारलं कुठं तुम्ही?"

"पाच वर्षांत तुम्ही तरी कुठं विचारलंत?"

"भ्या वाटायचं."

"मलाही. आता उत्तर द्या, लोक बघतायत."

तो काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणाले?" हे नवरदेवानंच विचारलं.

"हो म्हनलो," मंगळू म्हणाला.

तलाठ्यानं कप खाली ठेवला. "चला दादा, गाडी चुकेल," वडलांना म्हणाला. जाताना अंगणात क्षणभर थांबला. पांढरं, ताटलीएवढं फूल उघडत होतं. "वास चांगला आहे," म्हणाला, आणि गेला. भला माणूस.

आई भिंतीकडं तोंड करून बसली. मग पदरानं नाक पुसत, माझ्याकडं न बघता म्हणाली,

"पाहुण्यांसाठी केलेलं जेवण तसंच पडलंय. विचार त्याला... तिखट चालतं का."