सहापदरी रस्त्यावरचं रनिंग-इन

शर्मिष्ठाच्या स्कूटीपुढच्या जाळीत त्या रविवारी कोथिंबिरीची जुडी होती. तिच्यावर कुठूनसा एक पंखा येऊन पडला. लाकडी, दोन पात्यांचा, वितीहून चांगलाच लांब.

नवा रायपुरात वरून काही पडायची तशी सोय नाही. झाडं अजून कंबरेएवढी, इमारती एकमेकींशी अबोला धरल्यासारख्या दूरदूर, आणि रस्ता सहापदरी. त्या सहाही पदरांवर मिळून रहदारी म्हणजे ती स्वतः आणि एक गाय. छत्तीसगडची नवी राजधानी बांधून तयार होती, माणसं तेवढी यायची राहिली होती. शर्मिष्ठानं ब्रेक दाबला. फुटपाथवरून एक माणूस हातात पाना घेऊन धावत येत होता.

"लागलं नाही नं, जी?"

"मला नाही. कोथिंबिरीचं सांगता येत नाही."

"माफ करा... फोर-स्ट्रोक इंजिन आहे. उलटा झटका मारला का नट सोडून पंखाच फेकते."

"मग दोरीनं बांधून ठेवा त्याला."

त्यानं या सूचनेवर मनापासून विचार केला. "दुसरा नट लावतो," तो म्हणाला. त्याच्या गालावर तेलाचा पट्टा होता आणि चेहरा इतका गंभीर, की तिला हसू लपवायला कोथिंबीर निवडायचं नाटक करावं लागलं.

त्याचं नाव शिरीष. जुन्या रायपुरातल्या तात्यापाऱ्यात आईबरोबर राहायचा आणि उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्स पाहायचा. आठवडाभर हत्तीएवढी यंत्रं दुरुस्त करून रविवारी मुठीएवढ्या इंजिनापुढं गुडघे टेकायचे, याला तो विश्रांती म्हणत असे. इंजिन एका लाकडी घोडीवर आवळलेलं होतं. ज्या हौशी, हातभर मॉडेल विमानाला ते लागायचं होतं, ते घरी खुंटीवर नाकाशिवाय लटकत होतं.

"नवं इंजिन आहे नं, आधी रनिंग-इन करावं लागते," त्यानं सांगितलं. "इंधनाची सुई जास्त उघडून, मिथेनॉलमध्ये भरपूर एरंडेल मिसळून पाजायचं, हळूहळू चालवायचं. मग बंद करून पूर्ण गार होऊ द्यायचं. मग परत."

"आणि घाई केली तर?"

"आतून घासते. मग जन्मभर कुरकुरते."

शर्मिष्ठाला घाईचा अनुभव होता. नागपूरच्या एका घराण्यानं तिचा साखरपुडा आठवड्याभरात उरकला होता आणि नंतर तो तेवढ्याच तत्परतेनं मोडला होता. तेव्हापासून तिला पाहायला आलेली माणसं त्या साखरपुड्याचं ऐकेपर्यंत पोहे आवडीनं खायची, ऐकल्यावर "बरं" म्हणायची आणि चपला शोधायची. ती इथल्या पाणी तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला आली, त्यात नोकरीचा वाटा अर्धाच होता.

पुढच्या रविवारी तिला कोथिंबीर नको होती. तरी ती त्याच रस्त्यानं गेली.

मग रविवार मागून रविवार. इंजिन फटफटायचं, पांढरा धूर सोडायचं, एरंडेलाचा गोडसर वास थंडीच्या कोवळ्या उन्हात रेंगाळायचा. मग ते गार व्हायची वाट बघत दोघं फुटपाथवर बसायची, मध्ये तिचा थर्मास. तो तिला टॅपेटची, म्हणजे झडपेवरची केसभर फट दाखवायचा, ती त्याला सरकारी नमुन्यांतल्या आळ्यांचे किस्से सांगायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. इंजिन केव्हाच गार झालेलं असायचं. हे बोट लावलं की कळलं असतं... पण बोट कुणी लावत नव्हतं.

"याचं रनिंग-इन कधी संपणार रे?" एकदा तिनं विचारलं.

"झालं म्हण ना जवळजवळ." तो पान्याकडे पाहत म्हणाला, "घरी सांगू का?"

"विमानाला?"

"आईले. ...तुझं."

ती थर्मासचं झाकण लावत राहिली. झाकण केव्हाच लागलं होतं.

"साखरपुड्याचंही सांग," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी तो नेहमीच्या बसनं आला. एका हातात घोडी, दुसऱ्यात इंधनाचा पत्र्याचा डबा.

"सांगितलं?"

"बुधवारी. सगळं सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"बरं म्हणाली."

"आणि?"

"आणि काही नाही. जागची हाललीच नाही. मले शिफ्टची घाई होती, मी निघालो. मग तिनं विषय काढला नाही, अन् मीही..."

शर्मिष्ठानं मान डोलावली. चपला शोधायचं तेवढं बाकी होतं, आणि बाई स्वतःच्याच घरात असल्यानं तेही बाकी नव्हतं.

शिरीषनं पंखा फिरवला. इंजिन सुरू झालं, जड खोकलं, भजी तळल्यासारखा खमंग धूर सोडला आणि बंद पडलं. परत फिरवलं. ढिम्म. त्यानं प्लग काढला, तो तेलात न्हालेला. पुसला, बदलला. सुई मिटली, उघडली. मग झाकण खोलून तो टॅपेटच्या फटीत डोळा घालून बसला.

एक चौकीदार सायकलवरून जाताना थांबला. "भैया, जनरेटर बिगड़ गे का?"

"हव," शिरीष म्हणाला. खरं समजावून सांगायची त्याच्यात ताकद नव्हती.

शर्मिष्ठाचं लक्ष मात्र टाकीकडे होतं. दुधी प्लास्टिकच्या टाकीत खाली एक पिवळट थर बसला होता, वर पाण्यासारखं पातळ. तिनं स्कूटीच्या डिक्कीतून नमुन्याची काचेची बाटली काढली, डब्यातलं इंधन तिच्यात ओतलं, हलवलं आणि उन्हात धरलं. हळूहळू तेल खाली, मिथेनॉल वर.

"शिरीष, टॅपेट सोड. एरंडेल मिथेनॉलमध्ये विरघळतं. हे विरघळलेलं नाही." तिनं वास घेतला. "हे फल्लीतेल आहे. शेंगदाण्याचं."

"घरच्या बाटलीतूनच घेतलं मी!"

"बाटली कुठं असते?"

"...सैपाकघरात."

आता तिला सगळंच दिसलं. बुधवारी 'बरं', रविवारी फल्लीतेल. इंजिन बंद, म्हणजे रविवार बंद. वाद नाही, आकांडतांडव नाही. नागपूरकरांनी निदान फोन तरी केला होता.

"फोन लाव," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "स्पीकरवर. जे आहे ते मला ऐकू दे."

त्यानं लावला.

"आई, माह्या एरंडेलाच्या बाटलीत फल्लीतेल काहून आहे?"

पलीकडे मोठा श्वास ऐकू आला. शिरीषच्या आई, विनोदिनीबाई, पकडल्या गेल्या होत्या.

"समजलं का तुले... अरे, सांडलं ते माह्या हातून! गुडघ्याले लावाले घेतली होती बाटली, तेवढ्यात तू पोट्टीचं सांगितलं. इतक्या वर्षानं तोंड उघडलं तू! सुटली नं बाटली हातातून, फरशीवर तेलच तेल."

"मग बोलली काहून नाही?"

"काय बोलू? तेलात उभी होती मी! हातवारे केले असते तर घसरली असती. म्हणून बरं म्हणलं अन् भिताड धरून उभी राहिली."

"अन् चार दिवस?"

"तेल सांडलं सांगितलं असतं तर रविवारी गेला असता का तू? इंजिनाबिगर पोरीकडे जाच्यासाठी दुसरं कारण तरी आहे का तुह्याजवळ? म्हणून भरली बाटली. तेल म्हणजे तेल. मले काय माहीत तुह्या विमानाचे नखरे?"

"आई, तिच्या साखरपुड्याचं—"

"मोडला ते बरं झालं. टिकला असता तर तुले कोण करत होतं? पोट्टी आहे का तिथं? जेवाले आण तिले. आजच."

फोन बंद झाला. शर्मिष्ठा फुटपाथवर बसली होती. आधी खांदे हलले, मग ती इतकी हसली की डोळे पुसायला तिनं हाताला लागेल ते फडकं घेतलं. ते शिरीषचं होतं, त्यामुळे आता तिच्याही गालावर काळा पट्टा उमटला.

"तिचं बोलणं मनावर घेऊ नको," शिरीष म्हणाला. "कारण आहे माह्याजवळ. म्हणजे... इंजिन गेलं खड्ड्यात. मले तू पाहिजे. जमलं असतं तर हे मी नीट—"

"हव," ती म्हणाली.

"मी अजून विचारलं नाही."

"विचारत बसशील तर जेवण गार होईल."

परतीची बस दुपारची होती, म्हणून तो तिच्या स्कूटीवर मागं बसला, मांडीवर घोडी घेऊन. पुढच्या चौकात सिग्नल लाल होता. चारही बाजूंना चिटपाखरू नव्हतं. शर्मिष्ठानं नियमाप्रमाणे गाडी थांबवली. त्याची हनुवटी तिच्या खांद्याला टेकली... आणि त्यानं ती तिथंच राहू दिली.

सिग्नल हिरवा झाला. मग पुन्हा लाल झाला. कुणी हॉर्न वाजवायला नव्हतंच.