साथीसाठी सोडलेली जागा

वाद्यांच्या दुकानात मी शिरले ती चुकीच्या दाराने. गिटारी टांगलेलं दार पुढे होतं, मी मात्र गल्लीतलं ढकललं आणि एका काळोख्या खोलीत जाऊन उभी राहिले. चारी भिंतींना जाड, करडा फोम. दार मागे आपोआप लागलं... आणि रस्त्याचा सगळा गलका एकदम तुटला. स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"कुणी आहे का?" मी विचारलं.

"आहे," कोपऱ्यातून आवाज आला. "पण इतकं घाबरून विचारलंत की नाही म्हणावंसं वाटतंय."

दोन स्क्रीनच्या निळ्या उजेडात तो बसला होता. गळ्यात मोठा हेडफोन. दुकानात सगळे त्याला हेडफोनच म्हणत, हे मला नंतर कळलं. गिऱ्हाइकांना संगीत करायची सॉफ्टवेअर दाखवायची, हे त्याचं काम.

"मला एक घ्यायचंय. कोणतं, तेच ठरत नाही." मी पेनड्राइव्ह पुढे केला. "आईचं गाणं आहे यात. त्याच्याखाली इलेक्ट्रॉनिक संगीत घालायचंय. बीट, लांबवलेले सूर..."

"आईंना चालेल?"

"आता विचारता येत नाही."

"माफ करा," तो ओशाळून म्हणाला. "माझं तोंड आधी चालतं, डोकं मागून येतं."

आई कीर्तन करायची. मी शाळेत होते तेव्हाच ती गेली. मागे उरली एक कॅसेट, घरात एकटीने केलेल्या सरावाची; तीच मी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली होती. ओळ म्हणायची आणि साथीदारांसाठी थांबायची, मागे कुणी नसलं तरीही. आपली ओळ झेलणारं कुणीतरी असतंच, यावर तिचा देवाइतकाच विश्वास.

"हे बघा, दोन स्थळं आहेत," हेडफोन म्हणाला. "हे नवं. देखणं, चटपटीत, सगळं आपलं आपणच करतं. आणि हे जुनं. रूपाने यथातथाच, पण ऐकून घेतं."

"तुम्ही कोणाकडून बोलताय?"

"मी? मुलीकडून."

मी हसू दाबलं. तो एकदा या स्क्रीनवर, एकदा त्या स्क्रीनवर बोट ठेवत विचारत होता, "हे बरं वाटतं की... हे?" आता मात्र मला हसू आवरेना. चष्म्याच्या दुकानात भिंगं बदलत मी दिवसभर लोकांना हेच विचारते.

त्याने नव्या सॉफ्टवेअरमध्ये आईचा आवाज घातला. सॉफ्टवेअरने न विचारताच मधली सगळी शांतता कापून टाकली. आई ओळीवर ओळ म्हणत सुटली, उसंत न घेता, कुणीतरी पाठलाग करत असल्यासारखी. माझ्या अंगावर काटा आला.

"बंद करा."

मग जुन्यात घातला. आई सावकाश गायली, "दिवा लावुनी बसले मी, दारी कोण उभा ते सांग..." आणि थांबली. स्क्रीनवरची हिरवी पट्टी आवाजाबरोबर वर चढते. आता ती खाली बसायला हवी होती. बसली नाही. हलकेच वरखाली होत राहिली.

"घरात कुणी होतं तेव्हा?"

"कुणीच नाही. बाबा कामावर, मी शाळेत."

त्याने त्या जागेचा आवाज वाढवला. दूरवरून, बंद दारापलीकडून यावा तसा एका पुरुषाचा स्वर आला... "कोण उभा ते सांग."

हेडफोनचा चेहरा पांढराफटक पडला. "हा... माझा आवाज आहे."

"थट्टा नका करू."

त्याने ती ओळ हळूच म्हटली. तोच जाडसर गळा, 'उभा'वर तोच किंचित अडखळलेला श्वास.

"कॅसेट भरली तेव्हा मी बोबडं बोलत असेन," तो म्हणाला. "तुम्ही नवं घ्या. ते मधली जागाच ठेवत नाही, म्हणजे हाही जाईल. मी दिवसभर इथे एकटा असतो, मला हे झेपायचं नाही. आणि... परत येऊ नका."

घरी बाबा शर्टाला इस्त्री करत होते. मी सगळं सांगितलं.

"भ्याला म्हणतेस?"

"खूप."

"तुझी आई भित्र्या माणसांवर फार माया करायची," बाबा म्हणाले. "मी साक्षीला आहे."

रात्रभर मी तेच घोळवत होते. नवं घेतलं तर तो स्वर पुसला जाणार, आणि त्याच्याबरोबर हा माणूसही. जुनं घेतलं तर स्वर राहील, माणूस नाही. दोन्हीकडे माझीच ओळ अधांतरी.

शनिवारी मी पुढच्या दाराने गेले. मालककाका म्हणाले, "आत बसलाय. आठवडाभर कुणाला धड काही दाखवत नाही. तुम्हीच बघा बाई."

"येऊ नका म्हटलं होतं," हेडफोन म्हणाला. आवाजात मात्र राग नव्हता.

"ऐकलं. मी जुनंच घेतेय."

"आणि तो आवाज रोज ऐकणार?"

"त्याचा नाही. तुझा." 'तू' कधी तोंडातून गेलं, कळलंच नाही. "तो तुझ्यावाचून गातोय म्हणून भीती वाटते. तू स्वतः गा."

"आणि काही भलतंच झालं तर?"

"तर दोघं मिळून घाबरू."

त्याने माईक ओढला, अर्धा हेडफोन माझ्या कानाला लावला. आई गायली. थांबली. त्याने ओळ उचलली, आणि खालून तो दुसराही उठला. दोन सारखे गळे. हेडफोनची बोटं बर्फासारखी गार होती; ती माझ्या मुठीत कधी आली, तेही कळलं नाही. पुढच्या वेळी खालचा स्वर विरळ झाला. त्याच्या पुढच्या वेळी... नव्हताच. आईच्या ट्रॅकवरची हिरवी पट्टी त्या जागेत अगदी सपाट झाली होती. गर्दीच्या बाकावर रुमाल टाकून कुणी जागा धरावी, आणि खरा माणूस आला की रुमाल उचलून गुपचूप निघून जावं, तसा तो गेला होता.

"मी आवाजाला नव्हतो भ्यालो," तो हळू म्हणाला. "मला जे तुला सांगायचंय, ते माझ्याआधी कुणीतरी तुझ्या घरी जाऊन सांगून आलंय... असं वाटलं."

"काय सांगायचंय?"

त्याने माईककडे बघितलं. "हे भरलं जातंय."

"जाऊ दे. मला परत ऐकायचंय."

मग त्याने सांगितलं. एकच वाक्य, मध्ये अडखळून. माझं उत्तर ओठांवर होतं, पण तेवढ्यात आई पुन्हा गायला लागली. ती गात असताना मध्ये बोलायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त. म्हणून मी त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली... होकाराची.